झिंक ऑक्साइडचा क्षयकाळ मोजताना : आधी उपकरण, मग स्फटिक

झिंक ऑक्साइडच्या स्फटिकाचा वेग, म्हणजे त्याची चमक विझायला लागणारा क्षयकाळ, म्हणून जे आकडे माझ्यासमोर येतात, त्यांतले बरेचसे स्फटिकाचे नसतातच. कधी तो आकडा ऑसिलोस्कोपचा असतो, कधी लेसरच्या उरल्यासुरल्या प्रकाशाचा, कधी कॅमेऱ्याची स्लिट (प्रकाश आत घेणारी अरुंद फट) जास्त उघडी राहिल्याचा. मोजणाऱ्याने कष्ट घेतलेले असतात. चुकलेला असतो तो क्रम. स्फटिक हातात आला की आधी तोच लावून पाहायचा मोह होतो आणि उपकरणाची परीक्षा ‘नंतर करू’ म्हणत राहून जाते.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. तुमच्याकडे जलतापीय पद्धतीने वाढवलेला झिंक ऑक्साइडचा एकस्फटिक आहे, साधारण १० × १० × ०.५ मिलिमीटरची चकती, आणि लहान तरंगलांबीचा प्रकाश पडल्यावर तो किती वेगाने चमकून विझतो हे मोजायचे आहे, असे मी धरून चालतो. आधी प्रयोगशाळेतल्या अतिनील लेसरवर सराव, मग निर्वातात १३–१४ नॅनोमीटरच्या प्रकाशावर खरी मोजणी. हा क्रम उलटा करू नका. निर्वात कक्षात चूक शोधायला उघड्या टेबलापेक्षा दसपट वेळ जातो.

टप्पा १ : काय दिसायला हवे, ते आधी लिहून ठेवा

वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे उतरवा. झिंक ऑक्साइडची पट्टफट (इलेक्ट्रॉन उत्तेजित करायला लागणारी किमान ऊर्जा) खोलीच्या तापमानाला सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याची जलद चमक ३८० ते ३९० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला जेमतेम जांभळी. याशिवाय दोषांमुळे येणारी हिरवट-पिवळी रुंद चमक ५०० नॅनोमीटरच्या पुढे असते. ती मंद असते, मायक्रोसेकंदांत रेंगाळणारी, आणि तुमची खरी शत्रू तीच.

ओसाका विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये १३.९ नॅनोमीटरच्या क्ष-किरण लेसरने अशाच स्फटिकाची मोजणी केली, तेव्हा क्षयाचे दोन घटक मिळाले : सुमारे १ नॅनोसेकंद आणि सुमारे ३ नॅनोसेकंद. लोह मिसळलेल्या स्फटिकात हाच काळ १०० पिकोसेकंदांच्या खाली आणता येतो. त्याची किंमत म्हणून चमक फिकी पडते. शुद्ध स्फटिकाने तुम्हाला २० पिकोसेकंद दाखवले तर आनंद नंतर करा, आधी संशय घ्या.

आणखी एक हिशेब हाताशी असू द्या. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. २६६ नॅनोमीटर म्हणजे ४.६६, १३.९ नॅनोमीटर म्हणजे ८९ आणि ४०० नॅनोमीटर म्हणजे फक्त ३.१. हा शेवटचा आकडा पट्टफटीपेक्षा कमी आहे. पुढे दोन ठिकाणी त्याची गरज पडेल.

टप्पा २ : स्फटिकाची तयारी

या पदार्थात बहुतेक सगळे पृष्ठभागापाशी घडते. २६६ नॅनोमीटरचा प्रकाश स्फटिकात साधारण ५० नॅनोमीटर आत जातो आणि शोषला जातो. १३.९ नॅनोमीटरचाही तसाच, शंभर नॅनोमीटरच्या आतच संपतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकतीतला हा वरचा पापुद्रा तुमचा नमुना. खालचे सगळे त्याचे बूड. पॉलिश करताना हा पापुद्रा चिरडला गेला असेल, तर तुम्ही चिरडलेल्या थराचा क्षयकाळ मोजाल. तो खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून तो आवडतोही.

पुरवठादाराला दोन प्रश्न विचारा. पॉलिशचा शेवटचा हात हिऱ्याच्या पुडीचा होता की कोलॉइडल सिलिकाचा? आणि पॉलिश कोणत्या चेहऱ्यावर आहे? स्फटिकाच्या मुख्य अक्षाला काटकोनात कापलेल्या चकतीचे दोन चेहरे सारखे नसतात. एक जस्ताचा, दुसरा ऑक्सिजनचा. दोघांचे पृष्ठभाग वेगळे, त्यांच्यावर रसायनांचा परिणाम वेगळा. दोन नमुन्यांची तुलना करताना एकाचा जस्ताचा आणि दुसऱ्याचा ऑक्सिजनचा चेहरा वर असेल, तर त्या तुलनेला अर्थ नाही.

साफसफाई साधी ठेवा. ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी पाच मिनिटे सौम्य अल्ट्रासॉनिकमध्ये, शेवटी कोरड्या नायट्रोजनचा झोत. चिमटा प्लास्टिकचा घ्या आणि कडेलाच धरा. हा स्फटिक काचेपेक्षाही मऊ असतो, पोलादी चिमट्याचा ओरखडा सहज उमटतो.

इशारा : सिलिकॉन वेफर धुण्याच्या सवयीने आम्लात किंवा अमोनियाच्या द्रावणात बुडवू नका. झिंक ऑक्साइड उभयधर्मी आहे, आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा चेहरा भराभर खरबरीत होतो आणि जस्ताच्या चेहऱ्यावर षट्कोनी खड्डे पडतात. चेहरे ओळखायला ही युक्ती चांगली आहे, पण ती तुटक्या तुकड्यावर करायची, मोजणीच्या चकतीवर नाही.

तपासणी : खोलीत पूर्ण अंधार करा, डोळ्यांवर अतिनीलरोधक चष्मा चढवा आणि २५४ नॅनोमीटरच्या हातदिव्याखाली चकती धरा. हिरवट-पिवळी चमक ठळक दिसली तर मंद घटक जोरदार असणार, गाळण्या (प्रकाशाचे फिल्टर) नीट निवडाव्या लागणार. चकतीवर चमकेचे डाग असतील तर मोजणीची जागा आत्ताच ठरवा आणि वहीत आकृती काढून खूण करा.

ओव्हनमध्ये तापवताना चकती पिवळी पडली म्हणून घाबरून जाऊ नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत झिंक ऑक्साइडची पांढरी पूड तापवली की पिवळी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरी, तेच हे. थंड झाल्यावरही रंग उरला, तर मात्र ऑक्सिजन कमी पडलेल्या वातावरणात ती तापली आहे आणि नमुना बदलला आहे.

टप्पा ३ : डिटेक्टरचा हिशेब कागदावर

काहीही जोडण्याआधी हा हिशेब करा. ऑसिलोस्कोपचा चढकाळ (सिग्नल वर चढायला लागणारा किमान काळ) म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ. १ गिगाहर्ट्झचा स्कोप ३५० पिकोसेकंदांपेक्षा वेगाने चढू शकत नाही. त्याला २०० पिकोसेकंदांचा फोटोडायोड जोडला तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या, उत्तर साधारण ४०० पिकोसेकंद. १ नॅनोसेकंदाचा क्षय या जोडीने मोजता येईल, पण उपकरणाचा प्रतिसाद गणितात धरूनच. लोहमिश्रित स्फटिकाचे १०० पिकोसेकंद यात दिसणारच नाहीत. साध्या फोटोमल्टिप्लायरचा (क्षीण प्रकाश वाढवून मोजणाऱ्या नळीचा) चढकाळच एक-दोन नॅनोसेकंद असतो. त्याच्यावर काढलेला ‘१.८ नॅनोसेकंद’ हा त्या नळीचा गुण आहे.

उरतात दोन मार्ग. एक, स्ट्रीक कॅमेरा, म्हणजे प्रकाशातला काळाचा फरक पडद्यावर अंतर म्हणून पसरून दाखवणारा कॅमेरा. दुसरा, जलद मायक्रोचॅनेल नळी लावून एकेक फोटॉन मोजणे. दुसरा मार्ग घेतलात तर मोजणीचा दर लेसरच्या पल्सदराच्या एक-दोन टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक पल्समधला पहिला फोटॉनच नोंदला जातो. जास्त प्रकाश आला की उशिराचे फोटॉन हरवतात आणि क्षय वेगवान भासतो. लेसर सेकंदाला १००० पल्स देणारा असेल, तर या नियमाने सेकंदाला दहा-वीसच फोटॉन मिळतील. तिथे सरळ स्ट्रीक कॅमेरा वापरावा.

पल्सांमधले अंतरही तपासा. ८० मेगाहर्ट्झच्या लेसरात पल्स १२.५ नॅनोसेकंदांनी येतात. ३ नॅनोसेकंदांचा घटक तोवर दीड टक्क्यापर्यंत उतरतो, हे चालेल. मायक्रोसेकंदांची हिरवी चमक मात्र पल्समागून पल्स साठत जाते आणि चौथऱ्यासारखी खाली बसते. इंदूरच्या इंडस-१ या सिंक्रोट्रॉनवर (कड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) इलेक्ट्रॉनांच्या गुच्छांमध्ये सुमारे ३१.६ नॅनोसेकंदांचे अंतर असते, जलद घटकांना ते ऐसपैस आहे. तिथे अडचण वेगळी : साठवण-कड्यातला गुच्छ स्वतःच लांबट असतो, त्यामुळे पिकोसेकंदांचे दावे करायची ती जागा नव्हे.

टप्पा ४ : मांडणी — समोरून पाहा, कडा झाका

लेसर चकतीवर सुमारे ४५ अंशांनी पाडा आणि चमक चकतीच्या समोरून, काटकोनात गोळा करा. परावर्तित किरण दुसऱ्या बाजूला जाईल. तिथे त्याला अडवणारा ठोकळा आधी ठेवा, मगच लेसर चालू करा. २६६ नॅनोमीटर दिसत नाही, डोळ्याच्या पारदर्शक पटलाला भाजतो आणि पॉलिश केलेल्या चकतीवरून बऱ्यापैकी परावर्तित होतो.

चकतीच्या मागून चमक गोळा करणे सोयीचे वाटते, कारण मागे लेसर पोचत नाही. पण झिंक ऑक्साइडची चमक त्याच्या स्वतःच्या शोषणाच्या काठावर येते. अर्धा मिलिमीटर ओलांडताना लहान तरंगलांबीचा भाग स्फटिकच गिळतो. त्यातला काही नव्याने उत्सर्जित होतो, शिखर लाल बाजूला सरकते आणि क्षय लांबतो. मागची मोजणी खोटी नाही, ती वेगळ्या गोष्टीची मोजणी आहे. कुठून पाहिले ते न लिहिता आकडा देणे ही चूक.

कडांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. या स्फटिकाचा अपवर्तनांक या तरंगलांबीला दोनच्या वर असतो, त्यामुळे आत निर्माण झालेल्या शंभर फोटॉनांतले जेमतेम पाच समोरच्या चेहऱ्यातून बाहेर पडतात. बाकीचे आतल्या आत आपटत कडांपर्यंत जातात आणि कडा झगमगतात. १० मिलिमीटर चाललेला प्रकाश किमान ७० पिकोसेकंद उशिरा येतो, शोषणकाठाजवळ त्याहूनही उशिरा. शुद्ध स्फटिकात हे खपून जाईल, १०० पिकोसेकंदांच्या नमुन्यात हाच उशीर ‘दुसरा घटक’ होऊन बसतो. दोन मिलिमीटरचे भोक पाडलेला काळा धातूचा मुखवटा चकतीवर बसवा आणि स्लिटवर फक्त त्या भोकाची प्रतिमा पाडा.

टप्पा ५ : गाळण्या, आणि माझे पेढे

३९० नॅनोमीटरभोवतीची पट्टा-गाळणी लावा. तिने हिरवी चमक आणि लेसर दोन्ही अडवायला हवेत. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. घोटाळा त्यापुढे.

टायटेनियम-सफायर लेसरची मूळ तरंगलांबी ८०० नॅनोमीटर. तिची तिसरी पट (वारंवारता तिप्पट केलेला प्रकाश) म्हणजे २६७, स्फटिक उत्तेजित करायला योग्य. पण तिसरी पट बनवताना दुसरी, म्हणजे ४०० नॅनोमीटर, आधी बनवावीच लागते आणि ती थोडीफार पुढे झिरपते. ४०० नॅनोमीटर स्फटिकाला उत्तेजित करत नाही, पण चकतीवरून विखुरते आणि ३९० च्या गाळणीच्या शेपटातून सुखाने पलीकडे जाते. स्ट्रीक कॅमेऱ्यावर ती उपकरणाइतकी अरुंद, देखणी शिखररेषा बनते. आम्ही एकदा तिला ‘अतिजलद घटक’ ठरवले, २२ पिकोसेकंदांचा. पेढे वाटून झाले. पंधरा दिवसांनी एका कनिष्ठ विद्यार्थिनीने चकती काढून तिथे साधी क्वार्ट्झची काच ठेवली, आणि ‘घटक’ जसाच्या तसा पडद्यावर उभा!

तेव्हापासून आमच्याकडे हा टप्पा वगळता येत नाही :

तपासणी : चकतीच्या जागी त्याच आकाराची, किंचित खरबरीत केलेली क्वार्ट्झची काच ठेवा. बाकी काहीही हलवू नका. जे सिग्नल उरेल ते स्फटिकाचे नाही. ते शून्यावर येईपर्यंत पुढे जायचे नाही. प्रिझमने रंग वेगळे करा, लेसरच्या आरशांच्या जोड्या वाढवा, गाळणी बदला.

रंगीत काचेच्या काही गाळण्या अतिनील प्रकाशात स्वतःच चमकतात. अशी गाळणी लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाला पहिली सामोरी जाईल असे ठेवू नका. आधी परावर्तनाने काम करणारी थरांची गाळणी, तिच्यामागे रंगीत काच.

टप्पा ६ : उपकरणाचा प्रतिसाद

या मोजणीचा गाभा हाच, म्हणून इथे घाई नको. प्रतिसाद म्हणजे शून्य काळ टिकणारा प्रकाश आला असता उपकरणाने काय दाखवले असते. स्फटिकाचा दिसणारा क्षय हा खरा क्षय आणि हा प्रतिसाद यांची सरमिसळ असतो. प्रतिसाद माहीत नसेल तर सरमिसळ सोडवता येत नाही.

गंमत अशी की, मागच्या टप्प्यात जिला हाकलले ती ४०० नॅनोमीटरची पट इथे कामाला येते. तिचा पल्स अतिसूक्ष्म काळाचा असतो, आणि तरंगलांबी स्फटिकाच्या चमकेच्या अगदी शेजारची. तरंगलांबी जवळची असणे महत्त्वाचे आहे. २६६ नॅनोमीटरने प्रतिसाद घेतला तर कॅमेऱ्याच्या फोटोकॅथोडमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा जास्त पसरतात आणि प्रतिसाद खऱ्यापेक्षा रुंद येतो. रुंद प्रतिसाद वजा केला की स्फटिक खोटाच वेगवान होतो.

क्रम असा :

१. चकतीच्याच पातळीवर, मुखवट्याच्या त्याच भोकामागे, खरबरीत केलेली ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा.
२. ४०० नॅनोमीटरचा किरण भरपूर क्षीण करून तिच्यावर पाडा, लेसर पडतो त्याच ठिपक्यावर.
३. भिंगे, गाळणी, स्लिट, स्वीपची (पडद्यावर काळ पसरण्याच्या वेगाची) मर्यादा, इंटेन्सिफायरची (प्रतिमा उजळवणाऱ्या भागाची) वाढ, सगळे स्फटिकाच्या मोजणीत असेल तेच.
४. उजेड असा जुळवा की शिखराची मोजणी स्फटिकाच्या शिखराइतकीच येईल. जास्त प्रकाशात इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि रेषा फुगते.
५. सरासरीसाठी पल्सही तितकेच. स्फटिकासाठी ५०० पल्सांची सरासरी आणि प्रतिसाद एकाच पल्सचा, असे केले तर ट्रिगरची थरथर (पल्सागणिक सुरुवातीच्या क्षणात पडणारा बारीक फरक) एकीकडे आली आणि दुसरीकडे आली नाही.

पट्टीऐवजी पांढरा कागद लावायचा मोह टाळा. कागदाला उजळपणासाठी लावलेली द्रव्ये अशा प्रकाशात स्वतः चमकतात, आणि तीही नॅनोसेकंदांत, म्हणजे नेमकी तुमच्याच पट्टीत. टेफ्लॉनही नको. प्रकाश त्यात आत शिरून भटकत बाहेर येतो आणि रेषेला शेपूट लागते.

स्लिट किती उघडायची यावर वाद होतात. माझे मत : प्रतिसादाची रुंदी वाढू लागते त्याच्या आधीची जागा शोधा आणि तिथेच दिवसभर ठेवा. सिग्नल कमी पडला तर स्लिट उघडायची नाही, वेळ वाढवायचा. सकाळी घेतलेला प्रतिसाद दुपारी चालत नाही. मोजणीच्या आधी एक, नंतर एक, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायचे. ते जुळले नाहीत तर मधली मोजणी टाकून द्या. इथे हळहळ वाटते, पण पर्याय नाही.

टप्पा ७ : काळाचा अक्ष

कॅमेऱ्यासोबत आलेल्या तक्त्यावर विसंबू नका. अर्धपारदर्शक दोन आरसे १५ मिलिमीटरच्या हवेच्या फटीने समोरासमोर ठेवा. आतून एक फेरी मारलेला पल्स ३० मिलिमीटर जास्त चालतो, म्हणजे १०० पिकोसेकंदांनी मागे पडतो. पडद्यावर १०० पिकोसेकंदांच्या अंतराची पावले उमटतात. ही पावले पडद्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. बहुधा टोकांना नसतात; तो भाग मोजणीत धरू नका.

एकूण साखळीची परीक्षा करायला ज्ञात क्षयकाळाचा नमुना हवा. इथेनॉलमधला पीओपीओपी हा रंगद्रव्याचा विरळ द्राव बरा, त्याचा क्षयकाळ सुमारे १.३ ते १.४ नॅनोसेकंद. तुमच्या मांडणीत तो १.९ आला, तर स्फटिकाला हात लावू नका.

टप्पा ८ : आता स्फटिक, पण कमी प्रकाशात

चकती बसवा, उपलब्ध प्रकाशाच्या शंभराव्या भागापासून सुरुवात करा. झिंक ऑक्साइडमध्ये उत्तेजन दाट झाले की उत्तेजित जोड्या एकमेकींवर आदळतात, त्याहून दाट झाले की लेसरसारखे उद्दीपित उत्सर्जन सुरू होते. दोन्हींमुळे क्षय झपाट्याने आखूड होतो. नवख्याला वाटते, स्फटिक जलद निघाला. खरे तर त्याने स्फटिकाला झोडपून काढलेले असते.

तपासणी : प्रकाश दहापट कमी आणि दहापट जास्त करून तीन मोजण्या घ्या. उंची सारखी करून एकमेकींवर ठेवा. आकार सारखा आणि उजेड दहाच्या पटीत, तर ठीक. जास्त प्रकाशात शिखर टोकदार होऊन ३९० च्या पुढे सरकले, तर मागे या.

वर चढणाऱ्या रेषेच्या आधीची पातळीही पाहा. किरण अडवून मोजलेल्या अंधारापेक्षा ती उंच असेल, तर मंद चमकेचा साठलेला चौथरा आहे. तो मोजा, नोंदवा आणि वजा करा. अंदाजाने नाही.

तापमान लिहून ठेवा. थंड केल्यावर चमकेचे शिखर लहान तरंगलांबीकडे सरकते, द्रव हेलियमच्या तापमानाला ते ३७० च्या आसपास येते. ३९० ची गाळणी तशीच ठेवून ‘थंडीत स्फटिक मंदावला’ म्हणणारे मी पाहिले आहेत. चमक कमी झालेली नव्हती, ती गाळणीच्या बाहेर गेली होती.

टप्पा ९ : निर्वात आणि १३.९ नॅनोमीटर

इथपर्यंत अतिनील लेसरवर दोन वेगवेगळ्या दिवशी तोच आकडा आला असेल, तरच कक्ष बंद करा.

हा प्रकाश हवेत टिकत नाही, म्हणून स्रोतापासून चकतीपर्यंत निर्वात हवे. स्रोताबरोबर येणारा दृश्य आणि अतिनील प्रकाश अडवायला पातळ धातूचा पापुद्रा लागतो. सवयीने ॲल्युमिनियम लावू नका. तो १७ नॅनोमीटरच्या पुढच्या तरंगलांब्यांना चांगला, १३–१४ ला तो बहुतेक सगळे खातो. इथे झिर्कोनियम हवा. पापुद्रा मायक्रोमीटरच्या अंशाइतका पातळ असतो. लावण्याआधी अंधारात मागे विजेरी धरून सुईएवढी भोके आहेत का ते तपासा.

किरण शोधायला सिरियम मिसळलेल्या यॅगची (चमकणाऱ्या एका कृत्रिम स्फटिकाची) चकती आधी लावा. ती पिवळ्या-हिरव्या रंगात चमकते, साध्या कॅमेऱ्यातही दिसते. तिच्यावर ठिपका मुखवट्याच्या भोकात आणा, मग सरकत्या धारकावरून झिंक ऑक्साइड त्याच जागी आणा. दोन्ही चकत्यांचे चेहरे एकाच प्रतलात आहेत ना, हे कक्ष बंद करण्याआधी मोजून घ्या.

तपासणी : किरणाच्या वाटेत फ्यूज्ड सिलिकाची पातळ काच आडवी आणता येईल अशी सोय ठेवा. ही काच १३.९ नॅनोमीटर पूर्ण अडवते, पण दृश्य आणि जवळचे अतिनील जाऊ देते. काच आडवी असतानाही चमक दिसली, तर पापुद्रा फुटला आहे आणि तुम्ही स्रोतातल्या प्लाझ्माचा उजेड मोजत आहात.

स्रोताच्या पल्सची लांबी विसरू नका. क्ष-किरण लेसर काही पिकोसेकंदांचा, मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर त्याहून आखूड, इथे हरकत नाही. नॅनोसेकंदांच्या लेसरने तापवलेल्या कथिलाच्या प्लाझ्माचा उजेड मात्र नॅनोसेकंदभर चालतो. त्याच्यावरून स्फटिकाचा १ नॅनोसेकंद सरळ वाचता येत नाही.

कॅमेऱ्याचा प्रतिसाद इथेही ४०० नॅनोमीटरनेच घ्यायचा, कक्षाच्या खिडकीतून, खिडकी धरून. ट्रिगरची थरथर इथे जास्त असते. शक्य असेल तर लेसरचा एक क्षीण तंतू स्लिटच्या कोपऱ्यात कायम पाडत राहा आणि प्रत्येक पल्सचे चित्र त्या खुणेशी जुळवूनच बेरीज करा.

इशारा : कक्षात तेलाच्या वाफा असतील तर हा प्रकाश त्या फोडतो आणि चकतीवर कार्बनचा थर चढवतो. उजेड हळूहळू कमी होत जातो आणि तो स्फटिकाचा थकवा वाटतो. दर तासाला पहिल्या बिंदूची मोजणी पुन्हा करा, शेवटी चकती दोन मिलिमीटर सरकवून ताज्या जागेवर एकदा घ्या.

टप्पा १० : आकडा काढणे

दोन घातांकी घटक घ्या, त्यांची प्रतिसादाशी सरमिसळ करा आणि ती मोजणीला जुळवा. शेपटावर सरळ रेषा ओढून उतार काढणे लोहमिश्रित नमुन्यात चालत नाही. उरलेल्या फरकांचा आलेख शून्याभोवती कुठल्याही लाटेशिवाय पसरलेला हवा. लाट दिसली म्हणून लगेच तिसरा घटक घालू नका. आधी चौथरा नीट वजा झाला का, आणि प्रतिसाद त्याच दिवसाचा आहे का, ते तपासा. तिसरा घटक घातला की कुठलीही मोजणी जुळते, हाच त्याचा दोष.

घटकांचा वाटा सांगताना गल्लत होते. समजा १ नॅनोसेकंदाच्या घटकाची उंची ०.९ आणि ३ नॅनोसेकंदांच्या घटकाची ०.१. ‘नव्वद टक्के प्रकाश जलद’ असे लिहून मोकळे होतात. प्रकाश म्हणजे उंची गुणिले काळ : ०.९ आणि ०.३. म्हणजे जलद प्रकाश ७५ टक्के, मंद २५. कोणता वाटा लिहिला ते स्पष्ट करा.

आकड्यासोबत वहीत इतके हवे : चेहरा, पाहण्याची बाजू, गाळणी, उत्तेजनाची तरंगलांबी आणि प्रति क्षेत्र ऊर्जा, तापमान, प्रतिसादाची रुंदी, पल्सांची संख्या. यातली एक ओळ नसेल तर तुम्हालाच सहा महिन्यांनी तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

टप्पा ११ : कक्ष उघडताना

दिवस संपला की सगळ्यांना घाई असते, आणि झिर्कोनियमचे पापुद्रे बहुधा तेव्हाच फुटतात. आधी स्रोत बंद, मग कॅमेऱ्याचा उच्च विद्युतदाब बंद, मग पंपाची झडप. नायट्रोजन पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या वळण-नळीतून, सुई-झडपेने, हळूहळू सोडा. घड्याळ लावून दहा मिनिटे धरा. चकती काढताना वर असलेला चेहरा डबीतही वरच राहील अशी ठेवा आणि डबीवर बाणाने खूण करा. पापुद्रा पुन्हा विजेरीसमोर धरा. नवे भोक दिसले तर आज कोणत्या क्रमांकाच्या पल्सपर्यंत तो शाबूत होता हे काच आडवी घालून घेतलेल्या नोंदींवरून शोधा, आणि त्यानंतरच्या मोजण्यांवर वहीत लाल रेघ मारा.